शाळेच्या पटावरील एक तारीख

आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचीत गेल्यास एक चमत्कार दृष्टीस पडतो. जूनच्या पहिल्या तारखेस जन्मलेली मुले त्यात इतकी निघतात की, दर वर्षी सहा जूनच्या रात्री सटवाईला कपाळे लिहिता लिहिता उसंत म्हणून मिळत नसावी! या चमत्काराचे कारण वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. ही मुले जूनच्या एक तारखेस आईच्या कुशीत जन्मली नाहीत; त्या तारखेस ती शाळेच्या पटावर जन्मली.

आम्हांस २०११ सालच्या जूनमधील एक सकाळ आठवते. प्राथमिक विभागात नावे दाखल करण्याचे काम आमच्याकडे होते. नंदुरबारकडील एक बाई मुलाचा हात धरून आली. जन्माचा दाखला नव्हता. केव्हा जन्मला असे विचारताच ती म्हणाली, "महापुराच्या साली, गुरुजी. पूर ओसरला, आम्ही गावी गेलो, अन् पोयाना दुसरा दिन." पोया म्हणजे आपला पोळा. तापीचा महापूर २००६ सालच्या ऑगस्टमधला. सुरतेत तो कोणास विसरता येणार? पंचांग उघडले असते तर पिठोरी अमावास्या त्या वर्षी २३ ऑगस्टला आली होती, म्हणजे मुलाचा जन्म २४ चा, हे दोन मिनिटांत कळले असते. पण आपल्या राज्यात तेव्हा पहिलीत बसण्यास जूनच्या पहिल्या तारखेला पाच वर्षे पुरी व्हावी लागत. मुलाचे वर्ष वाया जाऊ नये या सद्हेतूने आम्ही १ जून २००६ असे लिहिले. बाईने अंगठा उठविला आणि ती समाधानाने गेली.

त्या एका ओळीने मुलाचे वय आम्ही ८४ दिवसांनी वाढविले, याचा विचार तेव्हा आमच्या मनास शिवला नाही. तो पुढे बालन्यायाचा कायदा वाचताना आला, आणि आल्यावर काही केल्या जाईना. म्हणून हा लेख.

बालन्याय म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. एखाद्या प्रौढ माणसाकडून गुन्हा घडला असता न्यायालय विचारते, याने काय केले? अपराध्याच्या पिंजऱ्यात लहान मूल उभे राहिले म्हणजे त्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो: ते केले त्या दिवशी याचे वय किती होते? पकडले त्या दिवशीचे नव्हे, खटला उभा राहिला त्या दिवशीचेही नव्हे, कृत्य घडले त्या दिवशीचे. त्या दिवशी अठरा वर्षे पुरी झालेली नसतील, तर आपल्या देशात २०१५ चा बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम लागू होतो. त्याची वाट पोलीस ठाण्यापासूनच निराळी फुटते. आणि वय ठरवावयाचे कशावरून? याच कायद्याच्या ९४ व्या कलमात पुराव्यांचा अनुक्रम लावून दिला आहे. पहिला मान शाळेने दिलेल्या जन्मतारखेच्या दाखल्याचा किंवा शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्राचा. ते नसेल तर महानगरपालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच डॉक्टरांकडून हाडांची तपासणी; तिच्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक पडणे ही सामान्य गोष्ट होय. म्हणजे, मुलांनो, हाडांपेक्षा आमच्या दौतीतील शाईचे वजन अधिक!

ही अतिशयोक्ती नव्हे हे पटण्यासाठी पुण्याचे एक प्रकरण सांगतो. १९९४ सालच्या ऑगस्टमध्ये तेथे एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. त्या गुन्ह्यात पकडलेल्यांपैकी एक जण राजस्थानचा होता. कागदोपत्री त्याचे वय विशीच्या पुढचे लिहिले गेले. त्यास फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे कित्येक वर्षांनी बिकानेर जिल्ह्यातील एका सरकारी शाळेचा दाखला पुढे आला. त्यात १ फेब्रुवारी १९८२ ही जन्मतारीख होती. शाळेतील नाव आणि खटल्यातील नाव यांत फरक होता, म्हणून पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविण्यात आली. शाळेच्या पटावरील मुलगा आणि तुरुंगातील मनुष्य एकच, असा निर्वाळा मिळाला. हत्येच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षे होते! २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. बालन्यायाच्या कायद्याने त्याला अधिकांत अधिक तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला, आणि त्यांतील बराचसा काळ फाशीच्या छायेत.

ज्यांच्या घरची सात माणसे गेली त्यांस हा निकाल ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करणेही कठीण. त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवून बालन्यायाची थोरवी गाणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु साडेबारा वर्षांचा, म्हणजे आपल्या सातवीच्या वर्गातील मुलगा फासावर चढविणारे राज्य आपणांस हवे आहे काय, असा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. एका खेडेगावातील मास्तरांनी एक तारीख नीट लिहून ठेवली होती, आणि त्यांच्या शाळेने तो पट जपून ठेवला होता, एवढ्यावर एक माणूस वाचला.

मुलांस निराळा न्याय असावा ही कल्पना फार जुनी नाही. आपल्याकडे १८५० च्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या अपराधी मुलांस तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेवण्याची सोय झाली. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८९७ साली सुधारशाळांचा कायदा झाला. अमेरिकेतील शिकागो शहरात १८९९ मध्ये जगातील पहिले बालन्यायालय बसले. आपला सुरत जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा १९२४ सालचा. त्याच्या जागी १९४८ चा मुंबईचा बालक अधिनियम आला, आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळा झाल्यावरही तो आपल्याकडे चालू राहिला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली लोकमान्य टिळक आणि आगरकर यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, हे आपण इतिहासात वाचतो. हेच टिळक पुढे १९०७ साली आपल्या सुरतेच्या काँग्रेसमध्ये व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांच्या आसपास खुर्च्या उडाल्या. त्या डोंगरीच्या, म्हणजे उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागी नंतरच्या काळात मुलांचे निरीक्षणगृह आले. १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने ते काम हाती घेतले. तुरुंगाच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्या आत शाळा भरविणे, हे बालन्यायाचे जणू चित्रच होय. भिंत आणि शाळा यांपैकी कोण कोणावर मात करते, यावर सारे अवलंबून.

भिंतीने मात केल्याची उदाहरणे थोडी नाहीत. कायदे असूनही देशभर मुले मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात सापडत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मुलांस तुरुंगात ठेवता कामा नये आणि साऱ्या देशासाठी एकच कायदा असावा, असे त्या न्यायालयाने १९८६ मध्ये बजाविले. त्याच वर्षी संसदेने पहिला अखिल भारतीय बालन्याय अधिनियम केला. त्यात मुलासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा अशी मर्यादा होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी अठरा केली.

दयेच्या नावाखालीही अन्याय घडतो, हे अमेरिकेत उघडकीस आले. अ‍ॅरिझोना संस्थानात १९६४ साली पंधरा वर्षांच्या एका मुलावर शेजारणीशी दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याचा आरोप आला. हा प्रौढ असता तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद, यापलीकडे शिक्षा नव्हती. परंतु तो 'मूल' आणि न्यायालय 'मायबाप', म्हणून ना वकील, ना उलटतपासणी. एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्यास सुधारशाळेत धाडण्यात आले! १९६७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मुलांसही वकील व आरोपाची पूर्वसूचना मिळालीच पाहिजे. मायबापपणाचा अधिकार सांगणाऱ्या प्रत्येकाने, आम्हां शिक्षकांनीसुद्धा, हे प्रकरण ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडे प्रत्यक्ष काय घडते, किंवा कायद्याप्रमाणे काय घडावयास हवे, ते पाहू. समजा, नववीतील एक मुलगा आहे. त्याचा बाप उधन्यास यंत्रमागावर रात्रपाळी करतो, आई घरी साड्यांना लेस लावते. गल्लीतील एक 'भाऊ' त्याला शंभर रुपये आणि एक पिशवी देतो व अमुक ठिकाणी पोचती कर म्हणून सांगतो. पिशवीत बाटल्या आहेत. आपल्या राज्यात दारूबंदी आहे हे मुलास ठाऊक असते. भाऊंस तर त्याहून अधिक ठाऊक असते. म्हणूनच पिशवी मुलाच्या हाती असते.

मुलगा पकडला जातो. कायद्याच्या भाषेत त्याला 'अटक' होत नाही. त्यास 'ताब्यात' घेतले जाते. हा शब्दच्छल नव्हे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावयास हवा, आणि त्याने मुलाशी बोलताना शक्यतो गणवेश घालू नये. आईबापांस कळविलेच पाहिजे. असल्या लहानसहान प्रकरणात, बरोबर कोणी प्रौढ आरोपी नसेल तर, मुलावर एफ.आय.आर. नोंदवीत नाहीत, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करतात. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते.

हे मंडळ प्रत्येक जिल्ह्यात असते. त्यात तीन जण: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, ज्यांपैकी निदान एक स्त्री. न्यायाधीश उंच आसनावर आणि मुलगा पिंजऱ्यात, असे दृश्य तेथे नसावे अशी अपेक्षा आहे. मुलाच्या बाजूने बोलण्यास विनाशुल्क वकील मिळतो. परिवीक्षा अधिकारी, ज्यास आपण प्रोबेशन ऑफिसर म्हणतो, तो घरी जाऊन, शाळेत येऊन चौकशी करतो. तो आमच्याकडे येतो तेव्हा 'मुलगा कसा आहे?' असे विचारतो. या प्रश्नास 'उनाड' असे एका शब्दात उत्तर देणे किती सोपे, आणि त्याचा परिणाम किती लांबचा!

जामीन हा येथे नियम आहे, नकार हा अपवाद. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडावयाचेच. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जिवास वा मनास धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे दिसले तरच त्यास निरीक्षणगृहात ठेवतात. ऐकावयास हे उत्तम आहे. पण ज्याचा बाप गावी कापणीस गेला आहे, ज्याच्या भाड्याच्या खोलीचा करार कोणाच्याच नावावर नाही, ज्याच्यासाठी सही करण्यास त्या दिवशी कोणी हजर नाही, त्याचे काय? गरिबीसाठी कायद्यात अपवाद लिहिलेला नाही. तरीही ती दारात आडवी पडते. सुरतेसारख्या परगावच्या माणसांनी भरलेल्या शहरात हे विशेष जाणवते.

चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत पुरी व्हावी लागते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यात न संपल्यास प्रकरणच मिटते. दोष सिद्ध झाला तरी मंडळापुढे अनेक वाटा असतात. समज देऊन घरी पाठविणे, मुलाचे व पालकांचे समुपदेशन, समाजसेवेचे काम, पालकांकडून दंड, कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवणे, आणि अगदी शेवटची म्हणजे विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. मारझोड यांपैकी कशातही बसत नाही, हे सांगावयास नको, तरी सांगतो.

आणि ते 'भाऊ'? मुलाच्या हातून दारू वा अमली पदार्थ पोचविणाऱ्या प्रौढास याच कायद्याच्या ७८ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर मुलाला कोणत्याही गुन्ह्यासाठी कामास लावणाऱ्यास किमान तीन वर्षांची कैद सांगितली आहे. शिवाय तो गुन्हा घडला तर जणू त्याने स्वतःच तो केला असे धरून शिक्षा. गल्लीतील 'भाऊंनी' ही कलमे वाचली असण्याचा संभव कमी. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र ती जरूर वाचावी, आणि पिशवी हाती आली की आठवावी.

सोळा ते अठरा या वयाविषयी देशात मोठा वाद झाला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर जो अमानुष अत्याचार झाला, त्यातील एक आरोपी अठरा वर्षांस काही महिने कमी होता. त्यास तीन वर्षे विशेष गृह मिळाले आणि लोक संतापले. न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीने वयाची मर्यादा खाली आणू नये असेच २०१३ च्या आरंभी सांगितले होते. तरी संसदेने २०१५ च्या कायद्यात मधला मार्ग काढला: ज्या गुन्ह्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा 'निर्घृण' गुन्हा सोळा वर्षांवरील मुलाकडून घडल्यास, त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि परिस्थिती पाहून मंडळाने त्यास बालन्यायालयाकडे पाठवावे, आणि तेथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकावा. तरीसुद्धा फाशी नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप नाही. सोळा वर्षांच्या मुलास परिणामांची जाण होती की नव्हती, हे काही भेटींत कोणी कसे सांगावे, याबद्दल आम्हांस शंका वाटते. आम्ही त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काढतो आणि आम्हांस सांगता येत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप झाला. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, आणि अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. सारा महाराष्ट्र त्या निबंधावर संतापला. पुढे मुलास निरीक्षणगृहात ठेवण्यात आले, जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची तेथून सुटका केली, आणि त्यास प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हे त्या गदारोळात बहुतेकांच्या ध्यानी आले नाही. परंतु लोकांचा राग सर्वस्वी अनाठायी होता असेही आम्ही म्हणणार नाही. आमच्या उधन्याच्या मुलास त्याच तत्परतेने, सुटीच्या दिवशी, जामीन मिळाला असता काय? कायद्याने दोघांस एकच हक्क दिला आहे. खेद एवढाच की, एकाचा हक्क मोटारीतून येतो आणि दुसऱ्याचा पायी.

गाडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी चालविता येते ती ५० सी.सी.पर्यंतची गाडी. शाळेमागच्या गल्लीत ज्या गाड्या लपवून ठेवलेल्या असतात, त्यांत तशी एकही आम्हांस अद्याप दिसलेली नाही.

आता शाळेच्या दुसऱ्या एका रकान्याकडे वळतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. मुलाचे प्रकरण संपले, तो परत वर्गात आला, म्हणजे कायदा म्हणतो की ते प्रकरण आता त्याच्या मार्गात कशाचाही अडथळा होऊ नये. ठराविक मुदतीनंतर कागद नष्ट करावयाचे, पोलिसांनीसुद्धा चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती माहिती द्यावयाची नाही. प्रौढ ठरवून बालन्यायालयाने दोषी धरलेला सोळा वर्षांवरील मुलगा एवढाच याला अपवाद. ७४ व्या कलमाने अशा मुलाचे नाव, पत्ता, एवढेच काय, त्याच्या शाळेचे नाव छापण्यासही मनाई आहे. मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा करणाऱ्यांनी 'शाळा' हा शब्द त्यात मुद्दाम घातला. वर्तमानपत्रावर ही बंदी चालते. शिक्षकांच्या खोलीतील चहावर आणि मधल्या सुट्टीतील कुजबुजीवर ती कशी चालावी?

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी तीन आठवडे गैरहजर राहून परत आला. कारण आम्हां दोघा-तिघांस ठाऊक होते. चौथ्या दिवशी वर्गातील प्रत्येकास ठाऊक झाले. कोणाच्या तोंडून, ते आम्ही शोधले नाही. शोधले असते तर कदाचित आपल्यापाशीच येऊन थांबलो असतो. मुलाने आठवड्याभरात शाळा सोडली. त्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात आम्ही 'चांगली' असे लिहिले. ते खरेही होते. पण तोवर त्या शब्दाचा उपयोग सरला होता.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेला तो मुलगा? १ जून २०२४ रोजी तो कागदावर अठरा वर्षांचा झाला. प्रत्यक्षात त्यास २४ ऑगस्ट उजाडावा लागला. मधल्या ८४ दिवसांत त्याच्या हातून काही वाकडे घडले असते, तर आईचा पोळा मंडळापुढे आमच्या १ जूनशी झगडला असता, आणि पुराव्यांच्या क्रमात आमची तारीख पहिली आली असती. सुदैवाने तसे काही घडले नाही. तो कापडाच्या बाजारात कामास आहे असे कळते.

हल्ली बहुतेक मुले जन्मदाखला घेऊन येतात, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर तोच दाखला जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. तरीही दाखला नाही म्हणून कोणास परत पाठवू नये, असे शिक्षणहक्काचा कायदा सांगतो, आणि दर जूनमध्ये एखाददुसरे तसे मूल येतेच. यंदा आम्ही टेबलावर रजिस्टराशेजारी मागच्या दहा वर्षांच्या दिनदर्शिका ठेवल्या होत्या. शहाद्याकडील एक आजी नातीला घेऊन आल्या. जन्म केव्हाचा, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कानबाईच्या रोटांच्या दिवशी, गुरुजी." आम्ही त्या सालची दिनदर्शिका उघडली, नागपंचमी शोधली, आणि आजींसमोर धरली. त्यांचे बोट सावकाश पुढे सरकले आणि श्रावणातील एका रविवारावर येऊन थांबले.